दुपारपर्यंतची तूर

“थांबव,” अण्णा मागून म्हणाले, आणि मी चौथ्यांदा स्कूटी रस्त्याच्या कडेला घेतली.

ते उतरले, परक्याच्या बांधावर चढले, डोळ्यांवर हात धरून शेत पाहिलं आणि परत येऊन मागे बसले.

“काय होतं?”

“सोयाबीन. नुसतं.” दुसरी माणसं ज्या आवाजात ‘दारू’ म्हणतात त्या आवाजात माझे वडील ‘नुसतं’ म्हणतात.

“अण्णा, हे त्यांचं शेत नाही. त्यांचं गाव अजून पुढं आहे.”

“ठाऊक हाय. शेजार बघायलोय.”

आम्ही माझ्यासाठी मुलाचं घर बघायला निघालो होतो. आमच्याकडे मुलीनं स्वतः घर बघायला जायची रीत नाही. पण अण्णांना गाडी चालवता येत नाही, भावाला सुट्टी नव्हती, आणि एसटीनं गेलं तर मध्येच उतरून लोकांची शेतं बघता येत नाहीत. आईनं निघताना बजावलं होतं, “तू मुलगी म्हणून चालली न्हाईस, ड्रायव्हर म्हणून चाललीस. खाली बघून बसायचं, लाजायचं न्हाई.” ड्रायव्हरनं खाली बघावं की नाही, हे काही तिनं सांगितलं नाही.

अण्णांची अट सगळ्या नातेवाइकांना पाठ होती. ज्या शेतकऱ्याच्या घरात तुरीची डाळ दुकानातून येते, त्या घरात लेक द्यायची नाही. या अटीवर दोन चांगली स्थळं गेली होती. एकाच्या घरी तर सागवानी जिना होता. अण्णांनी जिना पाहिला नाही, सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन डाळीचा डबा मागितला. डब्यात दुकानाची पिशवी सापडली. चहा न घेता उठले.

आई वैतागून म्हणायची, “डाळीत काय ठेवलंय एवढं?”

“हाय,” अण्णा म्हणायचे. त्यापुढे कधी काही बोलायचे नाहीत.

हे तिसरं स्थळ मात्र जायला नको होतं. कारण मुलगा विश्वंभर होता. लातूरच्या कॉलेजात आम्ही दोन वर्षं एकाच बाकावर अभ्यास केला होता, आणि अभ्यास सोडून बाकी सगळं ठरवलं होतं. हे दोन्ही घरांत कुणाला माहीत नव्हतं. एका मामाला हे स्थळ त्याचं त्यालाच सुचावं म्हणून आम्ही वर्षभर कष्ट घेतले होते. आणि एवढं झाल्यावर विश्वंभरनं मला सांगितलं, की त्याचे वडील माणिकतात्या तीस वर्षं नुसती ज्वारी पेरतात. तूर नाही, मूग नाही, उडीद नाही. “शेत हाय, भेळ न्हाई,” असं ते म्हणायचे.

“मग डाळ?” मी फोनवर विचारलं होतं.

“दुकानातून,” तो म्हणाला. मग म्हणाला, “तू काळजी करू नको. मी बघतो.”

त्यानं काय बघितलं, ते त्यांच्या अंगणात पोचल्यावर कळलं. गाडी स्टँडला लावायला मदत करायच्या निमित्तानं तो जवळ आला. बोटाला चिंधी बांधलेली, गुडघ्यांना चिखल.

“शेताकडं लवकर ने त्यांना,” तो ओठ न हलवता म्हणाला. “आत्ताच्या आत्ता.”

“का?”

“पहाटेपासून तूर लावलीय. बांधावरून दिसेल तेवढी.”

“लावलीस म्हणजे?”

“शेजारच्या सोजरबाईच्या शेतातनं फांद्या आणल्या. ज्वारीत खोचल्या. ऊन चढेपर्यंत टिकतील.”

मी त्याच्याकडे पाहत राहिले. या माणसासाठी मी घरात दोन वर्षं खोटं बोलत होते.

“तात्यांना माहितीय?”

“नाही. त्यांना दाढीला बसवून ठेवलं होतं. आईला माहितीय. तिनंच फांद्या बांधून दिल्या.”

भादव्याचं ऊन. आठ वाजले होते आणि आत्ताच गाडीचं सीट तापलं होतं.

आम्ही ओसरीवर बसलो. माणिकतात्या म्हणजे भरघोस मिशांचा, गरजेपेक्षा मोठ्यानं बोलणारा माणूस. बसल्या बसल्या त्यांनी अण्णांना सांगितलं, “पाहुणं, या घरात आणि माझ्या शेतात माझ्या हुकमाशिवाय एक पान हलत न्हाई.”

“बरं हाय,” अण्णा म्हणाले. “शेतात यंदा काय—”

“अण्णा, पोहे,” विश्वंभर मध्येच म्हणाला आणि ताटली त्यांच्या हातात दिली.

“शेताकडं जाऊन येऊ आधी,” मी म्हणाले.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. “ड्रायव्हर लई घाईत दिसतीय.”

“ऊन होईल, तात्या.”

“आम्ही काय लोण्याचे हाव?”

पोहे खाल्ले. मी उठणार तेवढ्यात विश्वंभरच्या आईनं, कौसाकाकूंनी, शिरा आणला. बारीक चणीची बाई, पदर डोक्यावरून पार कपाळापर्यंत. एक शब्द बोलत नव्हत्या. शिरा झाल्यावर भजी आली. विश्वंभर आतबाहेर करत आईला काहीतरी खुणावत होता. त्या त्याच्याकडे पाहत नव्हत्या. भज्यांनंतर चहा आला. चहानंतर कौसाकाकू हळूच म्हणाल्या, “थालीपीठ लावलंय. दोन मिंटं.”

“आई,” विश्वंभर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

“पाहुणे लांबून आलेत, बाळा.”

थालीपीठ मंद आचेवर होत राहिलं. तोवर तात्यांनी चार पिढ्यांचा इतिहास सांगितला. मी अंगणातल्या लिंबाची सावली बघत होते. आम्ही आलो तेव्हा ती गोठ्यापर्यंत होती. आता ती झाडाच्या बुडाशी येऊन बसली होती. विश्वंभरनं शेवटचा उपाय म्हणून जाहीर केलं, “मला शेताकडनं मोटार चालू राहिल्याचा आवाज येतोय.” शेतात मोटार नव्हती, हे त्याच्या वडिलांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

अखेर साडेअकराला आम्ही निघालो. पुढे तात्या, मागे अण्णा, मग विश्वंभर, मग मी. सगळ्यात मागे कौसाकाकू, आणि त्यांच्या मागे त्यांची शेळी.

वळणापलीकडे शेत आलं. डोक्याच्या वर गेलेली ज्वारी, कणसं भरलेली. आणि ज्वारीच्या ओळींमध्ये, बांधापासून पाच-दहा पावलं आत, एकापाठोपाठ एक सरळ रेषेत तुरीची झाडं उभी होती. उभी म्हणजे, सकाळी उभी असावीत. आता त्यांनी माना टाकल्या होत्या. पानं चिंध्यांसारखी लोंबत होती.

तात्यांचा एक पाय बांधावर आणि एक खाली असा राहिला. त्यांनी विश्वंभरकडे पाहिलं. विश्वंभर आभाळात काहीतरी शोधत होता.

“वा,” अण्णा म्हणाले. “ज्वारीत तूर.”

आता तात्या म्हणतील, हे माझं नाही. पण ज्याच्या हुकमाशिवाय पान हलत नाही, त्याच्या शेतात अख्खं पीक उगवून आलं आणि त्याला पत्ता नाही, हे तो कसं म्हणेल? तात्यांनी दुसरा पाय वर घेतला, मिशीवरून हात फिरवला.

“मग,” ते म्हणाले. “आमच्यात पैल्यापासून.”

“ज्वारीच्या किती ओळींमागं एक ओळ?”

तात्या ज्वारीकडे पाहून ओठांतल्या ओठांत मोजू लागले. पण विश्वंभरनं अंधुकात खोचलं होतं. कुठे दोन ओळींमागे होती, कुठे पाच. “जमीन म्हणंल तसं,” तात्या म्हणाले. “मी जमिनीला विचारतो.”

“बरं करता. पण हिनं मान का टाकली?”

“कुणी?”

“तुरीनं.”

“ती व्हय.” तात्यांनी जवळच्या झाडाकडे प्रेमानं पाहिलं. “ही हळवी जात हाय. दुपारची झोपती.”

“झोपती?”

“उनाच्या वेळंला. चारला उठती.”

विश्वंभरच्या घशातून एक आवाज आला. मी त्याच्या पायावर पाय ठेवला. अण्णा गंभीरपणे मान हलवत ओळीच्या कडेनं पुढे चालले. ओळीच्या टोकाला ते थांबले. तिथे तुरीच्या फांद्या संपल्या असाव्यात, म्हणून माझ्या होणाऱ्या नवऱ्यानं बांधावरचं जे सापडलं ते खोचलं होतं. त्याला पिवळीधमक फुलं होती.

“ही तर फुललीय, तात्या. आत्ताच.”

“ती हिच्याहून हळवी.”

अण्णांनी पान चुरगळून वास घेतला. “तरवडावानी वाटती.”

“तरवडाचाच संकर हाय तो,” तात्या म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण आवाजात कुठेही कमीपणा नव्हता. मला त्या क्षणी ते फार आवडले.

आणि तेवढ्यात शेळी पुढे झाली. तिला संकराशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं तुरीच्या एका झाडाला तोंड लावलं, जरा ओढलं, आणि अख्खं झाड तिच्या तोंडात आलं. खाली मूळ नव्हतं. विळ्यानं तिरपी कापलेली, बोटाएवढी जाड काडी होती. शेळी ते झाड तोंडात आडवं धरून आमच्याकडे वळली आणि चघळत उभी राहिली.

चघळण्याचा आवाज तेवढा येत होता.

“मूळ खाल्लं वाटतं तिनं आधीच,” तात्या म्हणाले.

“हुशार हाय शेळी,” अण्णा म्हणाले, आणि बांधावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, झालं. आता उठतील आणि चालायला लागतील, जिन्याच्या घरातून उठले होते तसे. पण ते म्हणाले, “तात्या, एक विचारू? तुम्ही एवढ्या वर्षांचे जाणकार. ज्वारीत तूर घालून फायदा तरी काय हुतो? मला काय ते नीट कळंना.”

माझे वडील तीस वर्षं ज्वारीत तूर पेरत आलेत. मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. चेहरा अगदी साधा, शाळेतल्या मुलासारखा.

तात्या फसले. किंवा खुलले म्हणा. “फायदा? आवो, ज्वारीची मुळं वरच्या मातीत, तुरीची खोल खाली. दोघींचं भांडण न्हाई. ज्वारी दिवाळीला निघाली की तुरीला रान मोकळं. मग ती पसरती. पावसानं दडी मारली तर ज्वारी मार खाती, तूर तग धरती; एक गेलं तर एक हातात राहतं. ज्वारी पोतं-दोन पोती कमी यील, पर तूर आली की बेरीज वरच जाती. पानं गळून जमिनीला खत. कडबा जनावराला, डाळ माणसाला, तुराट्या चुलीला.”

ते धडाधड बोलत होते, आणि मला समजेना, नुसती ज्वारी पेरणाऱ्या माणसाला हे सगळं कुठून येतं. मग कौसाकाकूंकडे लक्ष गेलं. पदराआड त्यांचे ओठ हलत होते, तात्यांच्या अर्धा शब्द पुढे. दर मृगाला ही बाई हेच सांगत आली असणार. तात्यांनी तीस वर्षं ऐकलं नाही, म्हणून त्यांना ते तोंडपाठ होतं.

“पटलं,” अण्णा म्हणाले. “मग मोघा कोण धरतं तुमच्यात? वहिनी?”

मोघा म्हणजे पाभरीच्या मागे दोरीनं बांधलेली पोकळ बांबूची नळी. पाभर ज्वारी पेरत पुढे जाते, आणि मागून चालणारी बाई कमरेला बांधलेल्या ओट्यातली तूर मुठीनं त्या नळीत सोडत जाते. आमच्या भागात हे काम बाईचं. आणि मोघ्यातून पेरलेलं जे येईल ते तिचं. घरात खाईल, लेकींना देईल, विकेल. ज्वारीचा हिशेब गडी माणसाकडे, तुरीचा तिच्याकडे. तो कुणी विचारत नाही.

“हीच धरती की,” तात्या म्हणाले. एवढं झाल्यावर आता मागे कुठे फिरणार?

“म्हंजी ही तूर वहिनींची.”

तात्यांनी माना टाकलेल्या ओळींवरून नजर फिरवली. त्यात द्यायला जड जावं असं काहीच नव्हतं. “हिचीच. सगळी.”

“पुढल्या वर्षीची?”

“ती पण.”

“त्याच्या पुढची?”

“कायमची हो. माणिक देशमाने शब्द फिरवत न्हाई.”

“मी ऐकलं हां,” कौसाकाकू म्हणाल्या. सकाळपासून त्यांचा पहिला मोठा आवाज. तात्या दचकले.

अण्णांनी टोपी घातली. “मग आमचा होकार हाय. लगीन तुमची तूर घरात आली की.”

विश्वंभरला राहवलं नाही. “म्हणजे या जानेवारीत?”

“न्हाई,” अण्णा म्हणाले. “यंदाची झोपलीय. पुढली बघू.”

निघताना मी भांडी विसळायला आत गेले, तेव्हा कौसाकाकू चुलीपाशी होत्या. मी म्हणाले, “काकू, थालीपीठ राहिलं असतं तरी चाललं असतं.”

“मला न्हाई चाललं असतं,” त्या म्हणाल्या. “आठ वाजता बघून गेले असते तर खोटी तूर खपली असती. मग मला खरी कधी मिळाली असती?” आणि उरलेलं थालीपीठ त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकलं.

परत येताना अण्णा कुठल्याच शेताशी थांबले नाहीत. बराच वेळ गेल्यावर मागून म्हणाले, “पोरगं कामाचं हाय.”

“कशावरून?”

“एका सकाळीत एवढी लावणी. खोटी असली तरी ओळ सरळ हुती.”

मी एक खड्डा चुकवला.

“एकच कळंना,” ते म्हणाले. “माझी अट त्याला कुणी सांगितली?”

मी गाडी चालवत होते. चालवणाऱ्यानं मागे वळून बघू नये, हा नियम ज्यानं केला त्याचं भलं होवो.

पुढच्या आषाढात पेरणी झाली. तात्यांकडे सगळं ट्रॅक्टरनं होतं, पण ट्रॅक्टरला मोघा कसा बांधणार? म्हणून त्यांना भावकीत फिरून बैलांची पाभर मागून आणावी लागली. अण्णा साक्षीदार म्हणून बांधावर बसले, मी ड्रायव्हर म्हणून. कौसाकाकू ओटा भरून पाभरीमागे निघाल्या आणि पहिल्या वळणावर त्यांचा पदर खांद्यावर आला. तो त्यांनी वर घेतला नाही. तात्या बांधावरून ओरडत होते, “दाट पडायलीय, पातळ सोड.” त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “तुमची ज्वारी बघा तुम्ही.”

विश्वंभरवर त्या वर्षी वेगळंच संकट आलं. ज्या सोजरबाईच्या तुरीच्या फांद्या त्यानं कापल्या होत्या, तिची तूर शेंडे छाटल्यामुळे आडवी फुटली आणि शेंगांनी लगडली होती. ती घरी आली, विळा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “मागल्या वर्षी केलंस तसंच यंदा कर.” त्याला वाटत होतं, कुणी पाहिलं नाही.

दिवाळीच्या आधी ज्वारी निघाली. थोडी कमी होती. तात्यांनी ते आठवडाभर सगळ्यांना ऐकवलं. मग रान रिकामं झालं आणि तूर वाढली, फुलली, पिवळी होऊन वाऱ्यावर वाजायला लागली. संक्रांतीनंतर रास झाली. तात्या राशीभोवती दोनदा फिरले. ज्वारीची घट भरून वर उरलं होतं, हे त्यांना बोटं न मोजताही दिसत होतं. मग ते म्हणाले, “माझ्या कोठीत जागा हाय.”

“राहू द्या मोकळीच,” कौसाकाकू म्हणाल्या. “हवा खेळंल.”

आजही तात्या माझ्या लेकीला मांडीवर घेऊन सांगतात, की ज्वारीत तूर घालायची युक्ती आपणच काढली आणि पंचक्रोशीला शिकवली. ती अडीच वर्षांची आहे. तिला शेळीचा भाग तेवढा आवडतो. तो आला की ती चघळून दाखवते. तात्या म्हणतात, “असं काई झालं नव्हतं,” आणि मग तिच्याबरोबर स्वतःही चघळून दाखवतात.

लग्न त्याच वर्षी फाल्गुनात झालं, त्यांच्या गावात, भर दुपारी. अंतरपाट धरला होता. पलीकडून विश्वंभरची फक्त पावलं दिसत होती आणि ती घाबरलेली होती. भटजींनी घसा साफ केला. लोकांनी अक्षता मुठीत घेतल्या.

“थांबा,” अण्णा म्हणाले.

आता काय? तूर आली होती. डाळ झाली होती. मांडवामागे वरणाचा हंडा उकळत होता, त्याचा वास इथपर्यंत येत होता. अण्णा माझ्या शेजारून निघून अंतरपाटाला वळसा घालून पलीकडे गेले. मी मान वाकडी करून पाहिलं.

विश्वंभरच्या मागे कौसाकाकू उभ्या होत्या. हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि डोळ्यांवर मोठ्या काचांचा काळा गॉगल. त्यात अख्खा मांडव दिसत होता. चार दिवसांपूर्वी त्या एकट्याच एसटीनं लातूरला गेल्या होत्या, असं मागाहून कळलं. तात्या त्यांच्यापासून दोन हात लांब, आपला काही संबंध नसल्यासारखे उभे होते.

“वहिनी,” अण्णा म्हणाले, “ह्यो चष्मा कुणी आणला?”

“मी.”

“कुणाला विचारून?”

कौसाकाकूंनी जरा विचार केला. प्रश्न त्यांना खरोखर समजला नव्हता.

“कुणाला विचारायचं?” त्या म्हणाल्या. “ऊन लागतंय. माझ्या तुरीतनं घेतला.”

“मला तर काई बरा दिसत न्हाई,” तात्या बाजूनं म्हणाले.

“तुम्हाला कुठं घालायचाय?”

अण्णा परत माझ्या शेजारी आले. माझ्या कपाळावरच्या मुंडावळ्या सरळ होत्या, तरी त्यांनी त्या पुन्हा सरळ केल्या. आणि भटजींना म्हणाले, “करा सुरू.”